खिळ्यावरचा नान

ओतानियोझ पंचवीस वर्षं खिव्याहून बुखाऱ्याला आणि बुखाऱ्याहून समरकंदला पाहुणे नेत होता. मिनार, मदरसे आणि निळे घुमट त्याला इतके पाठ झाले होते, की एखादा गाइड अडखळला तर हा स्टिअरिंगमागे बसूनच सनावळ्या पुरवायचा. त्यातल्या निम्म्या चुकीच्या असत. पाहुण्यांना त्याचं काही नसे. त्यांना वाळवंट बघायचं असे, आणि ते तर खिडकीबाहेर चारशे किलोमीटर फुकटात पसरलेलं होतं.

त्या एप्रिलमध्ये त्याच्या गाडीत एकटी होशिनोबाई होती. जपानमधली निवृत्त शिक्षिका, पासष्टीची, चणीनं लहान. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून ती रस्त्यातल्या प्रत्येक मैलाच्या दगडाला मान हलवायची. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून दोघांचं छान जमलं होतं.

सकाळी निघताना मुलीनं, नोझिमानं, दारात ताजा नान पुढे केला होता. लांबच्या वाटेला निघणाऱ्यानं नानाचा एक घास दातांनी तोडायचा आणि उरलेला नान घरच्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. माणूस परत आला की उरलेला त्यानंच संपवायचा. दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही, पाखरानंसुद्धा नाही. त्याची बायको ओयजमाल होती तोवर हे कधी चुकलं नव्हतं. ती गेल्यावर पहिल्या खेपेला त्यानं स्वतःच घास तोडला, स्वतःच नान अडकवला, आणि चार दिवसांनी परत येऊन रिकाम्या घरात तो चावत बसला. त्यानंतर त्यानं तो नाद सोडला. तीन वर्षं तो उपाशीपोटी निघत होता आणि अंधाऱ्या घरात परत येत होता. आलास का, एवढं विचारायलाही कुणी नव्हतं.

या हिवाळ्यात मात्र नोझिमा दीड वर्षाच्या बसोरातला घेऊन माहेरी राहायला आली. नवरा कझानला बांधकामावर होता आणि सासरचं घर माणसांनी ठासून भरलं होतं. ओतानियोझनं वरवर कुरकुर केली आणि मागल्या दारी जाऊन डोळे पुसले. आज त्यानं पुन्हा घास तोडला आणि उरलेला नान नोझिमानं खिळ्याला अडकवला.

"शुक्रवारी नक्की ना, दादा?" नोझिमानं विचारलं. तिकडे वडिलांना दादाच म्हणतात. नातीनं त्याची पँट घट्ट धरली होती, ती सोडवायलाच पाच मिनिटं गेली.

"शुक्रवारी संध्याकाळचा चहा घरी," तो म्हणाला.

दुपारी दोनच्या सुमारास आभाळाचा रंग बदलला. आधी दक्षिणेकडची कड पिवळी झाली, मग तपकिरी, आणि बघता बघता समोरचा रस्ताच पुसला गेला. वाळू काचेवर सुपात तांदूळ पाखडावेत तशी वाजत होती. मोठे ट्रक रस्त्यावरच दिवे लावून उभे राहिले. मागून कुणी येऊन धडकेल या भीतीनं ओतानियोझनं गाडी एका जुन्या कच्च्या वाटेवर घातली. त्या वाटेवर उंटांच्या काफिल्यांसाठी बांधलेली एक घुमटाची विहीर होती. विहीर कधीच आटली होती, पण घुमटाच्या आडोशाला गाडी उभी करता येणार होती.

तिथवर पोहोचेपर्यंत इंजिन तापून वाफ सोडू लागलं. पाण्याचा कॅन उघडला तर कोरडा. तो स्वतःवरच चिडला. सकाळी नातीशी खेळण्यात कॅन भरायचा राहून गेला होता. आणि नेमकं तेव्हाच त्याला घुमटापलीकडे धूर दिसला. एक ठेंगणं मातीचं घर होतं. पंचवीस वर्षांत त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. गुराखी हल्ली येऊन राहिले असतील असं त्याला वाटलं. होशिनोबाईला त्यानं खुणेनं बसून राहायला सांगितलं, रुमाल तोंडाला बांधला आणि कॅन घेऊन निघाला.

घराचं दार सताड उघडं होतं. एवढ्या वादळात दार उघडं ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं, असं पुटपुटत त्यानं आत डोकावलं. आत वारा नव्हता. उंबऱ्याच्या आत वाळूचा एक कणही आला नव्हता. कडवट दवण्याचा आणि चुलीतल्या लाकडांचा वास येत होता. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत पांढरी बुबुळं होती.

"आलास?" ती म्हणाली.

"ड्रायव्हर आहे मी, एने. गाडी तापलीय. थोडं पाणी हवं होतं."

त्याच्या गावाकडे म्हाताऱ्या बाईला एने म्हणतात, आईलाही म्हणतात. म्हातारी उठली आणि चाचपडत त्याच्याजवळ आली. तिनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत तपासला. तिची बोटं गार होती.

"वाळलास रे, मुरोद," ती म्हणाली.

आपण मुरोद नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. ती हसून मान हलवत राहिली, लहान मुलाच्या थापा ऐकून घ्याव्यात तशी. तिनं त्याला बसवलं, हिरवा चहा ओतला आणि भिंतीकडे वळली. भिंतीवर एकच खिळा होता. त्यावर एक नान टांगलेला होता, काळपट, वाळून लाकूड झालेला, आणि त्याच्या कडेला एका घासाची अर्धगोल खाच होती.

तिनं तो उतरवून त्याच्यासमोर ठेवला.

"खा... मग पाणी देते."

ओतानियोझचा हात मागे आला. दुसऱ्याच्या वाटेचा नान खाऊ नये हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावातलं शेंबडं पोरही ते जाणत होतं. त्यानं विषय बदलून पाहिला. आजूबाजूला वस्ती आहे का, बाजारहाट कोण करतं, मुलगा कुठे गेला होता, असं काहीबाही विचारलं. म्हातारीनं शेवटच्या प्रश्नाचं तेवढं उत्तर दिलं. मुरोद काफिल्याबरोबर बुखाऱ्याला गेला होता. शुक्रवारी येतो म्हणाला होता.

काफिल्याबरोबर. कसला काफिला, हे विचारायचं ओतानियोझच्या ओठांवर आलं होतं. पण म्हातारी रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी त्या पांढऱ्या डोळ्यांतून गळत होतं, आणि तिचा हात नानावर होता.

"तूसुद्धा नाही म्हणालास तर... मी कुणासाठी उतरवू हा?"

तुम्ही म्हणाल, उठून यायचं होतं. पाणी मिळालं नसतं तर नसतं मिळालं. पण रिकाम्या घरात एकट्यानं नान चावत बसलेला माणूस तो. वाट बघून बघून माणसाचं काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिचा मुलगा काही आता येत नाही, त्यानं मनाशी हिशेब केला, आणि आंधळ्या म्हातारीला क्षणभर सुख दिलं तर कोणाचं काय बिघडतं? त्यानं नान उचलला.

चहात भिजवावा लागेल असं वाटलं होतं. पण तोडला तर तो आतून मऊ होता. मऊ आणि गरम, तंदूरमधून आत्ताच काढल्यासारखा. त्याच्या मानेवर काटा आला. म्हातारी कान देऊन त्याच्या चावण्याचा आवाज ऐकत होती. मध्येच थांबणं त्याला जमेना, म्हणून त्यानं शेवटचा तुकडाही गिळला. तुकड्याला खारट चव होती.

"आता मला कसली भीती नाही," म्हातारी म्हणाली. तिनं कॅन काठोकाठ भरून दिला. पाणी बर्फासारखं गार होतं, आणि ते तिनं कुठून काढलं हे त्याला कळलं नाही.

तो उंबऱ्यापाशी आला तेव्हा तिनं विचारलं, "कुठे निघालास?"

"गाडीत पाहुणी आहे, एने. तिला पोचवायचंय."

"जा. पण लवकर ये."

"येतो," तो म्हणाला. घरातून निघताना माणूस जे म्हणतो तेच तो म्हणाला.

बाहेर वारा पडला होता. त्यानं इंजिनात पाणी घातलं, तोंड धुतलं आणि दार उघडून आत बसला. होशिनोबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती दाराला चिकटून बसली. तो हसून हातवारे करत वाळू, पाणी आणि म्हातारी समजावू लागला. तिनं पर्समधून कंपनीनं दिलेला कागद काढला. त्यावर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोटो होता. तिनं फोटो पाहिला, त्याला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग खाली उतरून नंबर तपासला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. बुखाऱ्यापर्यंत पर्स मांडीवर घट्ट धरून ती त्याच्या मानेकडे बघत होती. आरशात ते त्याला दिसत होतं. एकाही मैलाच्या दगडाला तिनं मान हलवली नाही.

दिवेलागणीला ते हॉटेलवर पोहोचले. तळ्याकाठच्या तुतीच्या झाडांखाली चहाची बाकडी भरली होती. हॉटेलच्या मावलुदाला तो तिच्या लग्नाआधीपासून ओळखत होता. तो दिसला की ती न विचारता चहा ठेवायची आणि तो आणखी किती जाडा झालाय ते मोजून सांगायची.

"या," ती अदबीनं म्हणाली. "ओतानियोझआका नाही आले का या खेपेला?"

"त्याला वाळूनं गिळलं," तो म्हणाला.

मावलुदा हसली नाही. तिनं वही पुढे ओढली आणि त्याचं नाव विचारलं. तो आणखी एक विनोद करायला गेला, पण तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. अनोळखी माणसाशी बाई बोलते तसं ती नजर खाली ठेवून बोलत होती. तिच्या पाठीमागे होशिनोबाई उभी होती आणि पहिल्यांदाच कुणी आपल्याशी सहमत झाल्यासारखी मान हलवत होती.

तो मोरीत गेला आणि आरशासमोर उभा राहिला. तोच चेहरा होता. तोच डाव्या बाजूचा सोन्याचा दात आणि त्याच पिशव्या डोळ्यांखाली. त्यानं दोन-तीनदा तोंड धुतलं. मग अंगणातल्या कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. नोझिमाचा आवाज कानावर पडला की सगळं जागेवर येईल अशी त्याला खात्री होती.

"हां, बोला," नोझिमा म्हणाली.

"पोहोचलो गं. वादळ होतं वाटेत."

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे... मीच."

पलीकडे तिनं फोनवरचा नंबर पाहिला असावा. मग ती एकदम हायसं वाटल्यासारखी बोलू लागली. फोन तुम्हाला सापडला का, बरं झालं. दादा म्हणतच होते वाटेत कुठेतरी पडला म्हणून. वादळामुळे ते अर्ध्या रस्त्यातूनच परत आले, दुसऱ्या एका गाडीनं. दमलेत फार. घरात आले ते भिंतींना हात लावत, जणू वर्षानुवर्षांनी आल्यासारखे. आल्या आल्या खिळ्यावरचा नान उतरवून सगळा संपवला.

"नोझिमा," तो म्हणाला. "नोझिमा, ऐक..."

"माझं नाव दादांनी टाकलंय का फोनमध्ये?" ती हसली. "थांबा, त्यांनाच देते. पोरगी मांडीवरून उतरू देत नाहीये त्यांना."

फोन हातातून हातात गेला. बसोरातचं खिदळणं ऐकू आलं, कपात चहा ओतल्याचा आवाज आला. मग कुणीतरी खोकलं. तो खोकला ओतानियोझनं बावन्न वर्षं ऐकला होता, आतून.

"बोला," त्याचाच आवाज म्हणाला.

ओतानियोझनं फोन कानाशी दाबून धरला. पलीकडचा माणूस उठला असावा, कारण दार करकरलं आणि मुलीचं खिदळणं मागे राहिलं. आता नुसतं अंगण होतं आणि दोघांचे श्वास. आवाज खाली आला, घोगरा झाला, घशात वाळू असल्यासारखा.

"आई कशी आहे माझी...?"

ओतानियोझनं भिंतीला हात टेकला.

"डोळे फार गेलेत का तिचे?" आवाजानं विचारलं. त्यात दुष्टावा नव्हता. लांब राहणारा मुलगा विचारेल तसंच ते विचारणं होतं. "लवकर येतो म्हणालास ना तिला?... मग जा. मी गेलो तेव्हापासून ती दार लावत नाही."

"माझी मुलगी..." ओतानियोझ म्हणाला. "माझी नात आहे ती..."

"मी बघेन त्यांना," आवाज हळू म्हणाला. "तू तिला बघ."

पलीकडे, घराच्या आतून, नोझिमानं हाक मारली. "दादा, चहा निवतोय."

"आलो गं," दोघंही एकदमच म्हणाले. तिला मात्र एकच आवाज ऐकू आला, आणि फोन बंद झाला.