तिसरा पट्टा तुटला तेव्हा

एमरी व्हिटेकर पहिल्यांदा आमच्या दुकानात आला, तेव्हा त्याच्या गळ्यात तुटलेला पट्टा लोंबत होता – मेलेला साप अडकवावा तसा.

मे महिन्यातला गुरुवार. दहा वाजून गेले तरी धुकं रस्त्यावरून हलायला तयार नव्हतं. काचेबाहेर नुसतं पांढरं… आणि त्या पांढऱ्यातून एकदम हा माणूस आत आला. केसांत गवताची पाती, अंगाला जळलेल्या रबराचा वास, आणि डोळे असे की माझं लिहिता लिहिता पेन थांबलं.

"असाच एक द्या," पट्टा काउंटरवर ठेवत तो म्हणाला.

"कशाचा आहे?"

"गवत कापायच्या यंत्राचा. ट्रॅक्टरमागे जोडतात ते. तीन पात्यांचं."

"ते दिसतंय हो. पण कुठल्या कंपनीचं? किती फुटी? पट्ट्यावरचा नंबर पार पुसलाय."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "निळं आहे."

मागे फळीवर बेअरिंगं लावत असलेले माझे डॅडी खोकले. आमच्या डॅडींना हसू आलं की ते खोकतात.

"निळं!" मी म्हटलं. "बरं झालं सांगितलंत. आता अगदीच सोपं झालं."

तो हसला. वाईट हसला – म्हणजे चांगलं, पण माझ्यासाठी वाईट.

मी पट्टा बाहेरच्या कडेने मापला, पाठीची रुंदी बघितली. "हे बघा, जुना पट्टा ताणून वाढलेला असतो. याच मापाचा दिला तर सैल बसेल, घसरेल, जळेल. यंत्राची झाकणं काढा आणि पुल्यांच्या चाकांभोवती दोरी फिरवा – पट्टा जसा जातो, अगदी तशीच. ती दोरी मला आणून द्या."

"म्हणजे मला परत यावं लागणार?"

"हो."

"आणि मग पट्टा न्यायला पुन्हा एकदा?"

"तो त्याच फेरीत मिळेल."

"अरेरे," तो म्हणाला आणि धुक्यात गेला.

डॅडींनी सांगितलं तेव्हा कळलं, हा व्हर्जिल व्हिटेकरचा पुतण्या. पिजन फोर्कच्या टेकडीवर एक जुनं चर्च आहे. त्याला कधीचं कुलूप आहे, पण मागचं कब्रस्तान आमच्या खोऱ्यातल्या सगळ्यांचं. चाळीस वर्षं दर गुरुवारी व्हर्जिल तिथलं गवत कापायचा. तो फेब्रुवारीत गेला. पुतण्या डेटन शहरातून काकाची जमीन विकायला आला होता. मेच्या शेवटच्या रविवारी सगळी घरं आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येतात, तोवर गवत सांभाळायचं त्याने कबूल केलं होतं. मग तो परत जाणार होता.

दोन तासांनी दोरी आली. मी आत मजबूत धागा भरलेला पट्टा काढून दिला. "स्वस्तातला साधा पट्टा इथे टिकत नाही. यात गोळी अडवणाऱ्या जाकिटाचा धागा असतो. सहज तुटायचा नाही."

पुढच्या गुरुवारी तो तुटला.

"सहज तुटायचा नाही म्हणाला होतात," एमरी काउंटरवर कोपर टेकून म्हणाला.

"तुम्ही काय केलंत त्याचं?"

"प्रेमाने वागवलं."

"दिसतंय." मी पट्टा उजेडात धरला. पट्टा खोटं बोलत नाही. कड उसवली असेल तर पुल्या एका ओळीत नाहीत. पाठ काचेसारखी चकाकत असेल तर तो घसरत होता. पण हा नवाच्या नवा होता, आणि धागे उपटल्यासारखे बाहेर आले होते. "हा झिजला नाही. हिसक्याने तुटलाय. पातं कशावर तरी आपटून जागच्या जागी अडकलं आणि गिअरबॉक्स ओढत राहिला. कुठे झालं हे?"

"वरच्या कुंपणाजवळ."

"आणि आधीचा?"

त्याने काचेबाहेर बघितलं. "…तिथेच."

"तिथे दगड आहे का?"

"दिसला नाही."

त्याचे कान लाल झाले होते. हा माणूस काहीतरी लपवत होता, आणि मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. रात्रभर मी त्या लाल कानांचा विचार करत राहिले, हे मात्र खरं.

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा तसंच धुकं. बारा वाजायला आले होते. तो आत आला, तुटका पट्टा माझ्यासमोर ठेवला.

"मी येते बघायला," मी म्हटलं. अवजारांची पिशवी उचलली आणि मग डॅडींकडे बघितलं.

डॅडी हातातलं बेअरिंग फडक्याने पुसत राहिले. "जा, लेटा. पण सांभाळून. व्हर्जिल त्या वरच्या कोपऱ्यात यंत्र उचलून घ्यायचा. एकदा मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, तिथे हळू जावं."

टेकडीवर सगळं गालिच्यासारखं कापलेलं होतं. फक्त वरच्या कुंपणापाशी गुडघाभर गवताचा एक तुकडा तसाच उभा होता. तिथे एकही थडगं नव्हतं. त्या तुकड्यात निळं यंत्र तिरकं होऊन थांबलेलं. खाली रस्त्यावर ऐकू येणारे पक्षी इथे गप्प होते. एवढं गवत, पण एकही किडा किरकिरत नव्हता.

"ट्रॅक्टरची चावी काढ आणि माझ्याकडे दे," मी म्हटलं. कधी 'तू'वर आले, मलाच कळलं नाही.

"विश्वास नाही?"

"माझी बोटं आत जाणार आहेत. विश्वास कुणावरच नाही."

चावी मी खिशात घातली. यंत्राला फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा बंद होता, यंत्र जमिनीवर टेकलेलं होतं. आम्ही झाकणं काढली, पट्ट्याच्या चिंध्या उपसल्या. मी एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. आवाज स्वच्छ, बेअरिंगं ठीक. ताण देणारी स्प्रिंगही ठीक. यंत्रात काहीच दोष नव्हता. नवा पट्टा घ्यायला मी पिशवीकडे वळले, तर एमरीने तो आधीच काढला होता; माझ्या हातात देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जराशी रेंगाळली… आणि मी पुन्हा यंत्राकडे बघितलं.

डावी पुली फिरत होती.

सावकाश. जणू खालून कुणीतरी एका बोटाने पातं ढकलत होतं. वारा नव्हता. आमच्यापैकी कुणाचा हात तिथे नव्हता. अर्धा फेरा झाला, आणि ती थांबली.

मग गवतातून आवाज आला. बाईचा. मोठा नाही – जेवायला हाक मारावी तेवढाच.

"एमरी… थांब रे!"

माझ्या हातातला पट्टा खाली पडला. मी एमरीकडे बघितलं. तो दचकला नव्हता. मला भीती वाटली ती त्याच्या न दचकण्याचीच.

"तुलाही ऐकू आलं?" तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "म्हणजे मला वेड लागलं नाहीये."

"तू हे आधी ऐकलंयस?"

"दर गुरुवारी. याच जागी." तो चाकाला टेकून खाली बसला. "मी दोन वर्षांचा होतो तेव्हा आई गेली, लेटा. तिचा फोटो आहे. पण आवाज… आवाज कसा होता ते मला कुणीच सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी इंजिनाच्या आवाजातूनही ही हाक ऐकली आणि मला वाटलं…"

"म्हणून तू मुद्दाम इथेच येत राहिलास."

"हो."

"पट्टे तुटत होते तरी."

"पट्टा तुटला की इंजिन बंद करावं लागतं. बंद केलं की ती आणखी एकदा हाक मारते." त्याने मान खाली घातली. "आणि पट्टा तुटला की तुझ्या दुकानात यायला मिळतं. तेही खोटं नाही."

अशा जागी, अशा वेळी माझं काळीज असं धडधडायला नको होतं. पण धडधडलं.

"तू खाली वाकून बघितलंस का कधी?" मी विचारलं. "पातं कशावर आपटतंय ते?"

"नाही… मी ऐकत होतो."

मी चावी दिली. त्याने ट्रॅक्टर सुरू करून यंत्र वर उचललं, इंजिन बंद केलं, आणि आम्ही खाली लाकडाचे ठोकळे लावले. डाव्या पात्याचं टोक वाकलं होतं. त्याच्या बरोबर खाली, गवताच्या मुळांत, एका दगडाची कड पांढरी खरवडलेली दिसत होती.

आम्ही दोघांनी हातांनीच माती बाजूला केली. नदीकाठचा साधा चपटा दगड निघाला. त्यावर कुणीतरी छिन्नीने, शाळेतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं कोरली होती.

एमरी. वय सहा वर्षं.

आडनाव नाही, साल नाही. एमरीने आपल्याच नावावरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा त्या धुक्याच्या रंगाचा झाला होता.

तो म्हणाला, "म्हणजे ती मला हाक मारत नव्हती."

खोटं बोलून चाललं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "तुला नव्हती. पण तीन गुरुवार तिला ओ तूच दिलीस. कोण जाणे, किती वर्षांनी कुणीतरी दिली."

तो रडला. मी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि आम्ही तसेच बसून राहिलो. भीती गेली नव्हती. माझ्या पाठीवर काटा होता तो तसाच होता. पण उठून जावंसं वाटत नव्हतं.

मग आम्ही काम केलं. पातं बदललं. पट्टा आधी मधल्या पुलीवर, मग कडेच्या दोन्हींवर, कुठे पीळ नाही ना बघत… आणि शेवटी स्प्रिंगची पुली मी लोखंडी दांड्याने मागे ओढून धरली, त्याने पट्टा आत सरकवला. दगडाभोवतालचं गवत मात्र आम्ही कात्रीने कापलं, दोघांनी, गुडघ्यांवर बसून. तो तिरका कापत होता. मी त्याला दोनदा ओरडले.

निघताना त्याने इंजिन सुरू केलं, बंद केलं, आणि वाट बघितली. मीही श्वास रोखला.

कुणीही हाक मारली नाही.

रविवारी टेकडी माणसांनी भरली. चर्चच्या सावलीत लांब टेबलं मांडली होती – तळलेली कोंबडी, शेंगा, मक्याचा ब्रेड, केळ्याचं पुडिंग. थडग्याथडग्यावर फुलं. वरच्या कुंपणापाशी नव्वदीच्या मिस हेस्टर काठी टेकत आल्या, तो दगड बघितला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"सापडला होय," त्या म्हणाल्या. "माझी आई व्हिटेकरांचीच. हा तिचा थोरला भाऊ. तेव्हा हे सगळं गवताचं रान होतं. घोडे जुंपलेल्या यंत्राने गवत कापत होते, आणि यंत्रावर बाप दिसला म्हणून हा तिकडे धावत सुटला. आजी कुंपणापासून ओरडत राहिली. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही…" त्यांनी एमरीचा हात धरला. "म्हणून व्हिटेकरांत दर पिढीत एक एमरी असतो, पोरा. आजीचं म्हणणं होतं, नाव रिकामं राहू नये."

मी एमरीकडे बघितलं. एवढ्या उन्हात त्याच्या हातावरचे केस उभे राहिले होते.

जेवणं झाल्यावर कुणीतरी विचारलं, आता वर्षभर गवत कोण कापणार? सगळे आपापल्या ताटात बघू लागले. एमरीने हात वर केला.

"तू तर डेटनला चाललास ना?" डॅडींनी विचारलं.

"जमीन विकत नाहीये मी."

बायकांनी एकदम माझ्याकडे का बघितलं, देव जाणे. मी रिकामी भांडी उचलून तरातरा गाडीकडे गेले. तो मागोमाग आलाच.

"लेटा. मी राहतोय ते या गवतासाठी नाही."

"लोकांना तसंच वाटतंय."

"वाटू दे. मी तुझ्यासाठी राहतोय." त्याने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, जणू ते मधे आल्यामुळे बोलता येत नव्हतं. "तू नको म्हणालीस तर उद्या जाईन. पण दर गुरुवारी डेटनहून येईन. चार तास लागतात."

"जायला चार, यायला चार?"

"हो."

"मग तर नकोच."

त्याचा चेहरा उतरला. "नको… म्हणजे?"

"म्हणजे आठ तास रस्त्यावर कशाला घालवतोस? ते माझ्याजवळ घालव ना."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो असा हसला, की मला गाडीच्या दाराला धरावं लागलं.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. "फार. भीती वाटावी इतका."

"मलाही भीती वाटते," तो म्हणाला. "आई गेली, काका गेला… आता तुझ्यात जीव अडकवायचा म्हणजे…"

"अडकव," मी म्हटलं.

त्याने पातेलं टपावर ठेवलं आणि मला जवळ घेतलं. खाली एकेक गाडी सुरू होऊन वळणाआड जात होती, टेकडी पुन्हा मेलेल्यांची होत होती. आम्ही दोघं जिवंत माणसं तिथे एकमेकांना घट्ट धरून उभे होतो.