कागदावरची दुसरी ओळ

माझ्या थापा नातवंडांना पाठ आहेत. पण ही थाप नाही. ही सांगताना मी हसत नाही, त्यावरून ओळखा.

मी शाळेत मास्तर होतो. जनगणनेची ड्यूटी लागली. भर दुपारी, उन्हात, रस्ता संपतो तिथल्या गावात पोचलो.

एकेचाळीस घरं. चाळीस घरांना कुलूप.

सगळे कामासाठी शहरात गेलेले. मी दारांवर खडूने नंबर टाकत चाललो. माझ्याच चपलांचा आवाज... मागून आल्यासारखा वाटायचा.

शेवटच्या घरात एक म्हातारे दाढी करत बसले होते.

"आजोबा, घरात माणसं किती?"

"दोन."

"दुसरं कोण?"

"ही." त्यांनी वस्तऱ्यानेच स्वयंपाकघर दाखवलं.

"आजींना बोलवा जरा."

"कशी येईल? गेल्या वर्षी वारली."

मी पेन थांबवलं. "मग एकच लिहावं लागेल."

"मास्तर, पन्नास वर्षं प्रत्येक कागदावर जोडीने आहोत. मला एकटं नका लिहू. तुमच्या सरकारला काय तिला जेवायला घालायचंय?"

हसत म्हणाले, पण वस्तरा खाली ठेवला.

नियमात बसत नव्हतं. तरी दुसरी ओळ भरली. स्त्री. वय एकाहत्तर.

शेवटचं अक्षर लिहिलं, आणि...

आत भांडं वाजलं.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"मांजरंसुद्धा गाव सोडून गेली, मास्तर." आजोबा स्वयंपाकघराकडे बघत राहिले. चेहरा असा, की बऱ्याच दिवसांनी घरचं माणूस परत आलंय.

तीन आठवड्यांनी फेरतपासणी. मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं, ते दुरुस्त करायचं. बसथांब्यावरचा दुकानदार म्हणाला, "कुणाकडे चाललात? म्हातारा गेला आठ दिवसांपूर्वी. मुलगा आला, सगळं उरकलं, कुलूप लावून परतला."

कुलूप खरंच होतं. चांगलं जाडजूड.

मी ओट्यावर बसलो. फॉर्म काढला. आजोबांच्या ओळीवर रेघ मारली.

आत काहीतरी सरकलं...

मग एकदम शांत.

पेन दुसऱ्या ओळीवर नेलं, तेवढ्यात दाराच्या फटीतून बाईचा आवाज आला. अगदी जवळून. हळू.

"मास्तर... यांना का खोडलंत?"

मी कुलपाकडे पाहिलं. तसंच लागलेलं.

"आत्ता इथं माझ्याशेजारी बसले होते."

मग आतल्या खोल्यांतून पावलं फिरली. या खोलीत. त्या खोलीत. मागच्या दारापर्यंत... आणि परत.

"दिसत नाहीत हो कुठं."

मी पळालो. चप्पल तिथंच राहिली. दुसरी ओळ खोडायची राहिली. रेघेच्या जागी पुन्हा नाव लिहायचं तर सुचलंसुद्धा नाही. फॉर्म तसाच जमा केला.

पुढे आकडे छापून आले. तालुक्याच्या कचेरीत ते पुस्तक होतं. मी पान काढून पाहिलं.

गावाची लोकसंख्या एक. पुरुष शून्य. स्त्री एक.

सगळे हसले. म्हणाले, छपाईची चूक.

एकेचाळीस घरांच्या त्या गावात ती अजून त्यांना शोधत असेल का, एवढंच मनात येतं. आणि तिला एकटं लिहिलं ते मीच.