वेळशीच्या दीपगृहाचे दार

शके १८०१ च्या मार्गशीर्षातली ती पहाट नेहमीसारखीच उजाडली. वेळशीच्या खाडीवरचे धुके विरत गेले तशा आधी बंदरातल्या गलबतांच्या डोलकाठ्या दिसल्या, मग जुन्या किल्ल्याचा ढासळलेला बुरूज, आणि शेवटी खाडीच्या तोंडाशी, काळ्या कातळावर, इंग्रजांनी बांधलेले उंच पांढरे दीपगृह. त्याच्या माथ्यावर रखवालदार रायाजी मयेकर आणि त्यांची मुलगी द्वारका भिंग पुसत होते. ऊन वर येण्याआधी भिंगाभोवती पडदे ओढावे लागत. नाहीतर गलबतांना वाट दाखवणारे तेच भिंग ऊन गोळा करून आग लावी.

द्वारका सव्वीस वर्षांची होती. सतराव्या वर्षी ती विधवा होऊन परतली, तेव्हा रायाजींनी एक शब्दही न विचारता तेलाची कळशी तिच्या हाती दिली आणि दिव्याचे काम शिकवले.

"म्हण औटकी," भिंग पुसता पुसता ते आज म्हणाले.

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो शांतपणे एकदा म्हणेपर्यंत भिंगाचा एक फेरा होई आणि समुद्रावर एक झोत जाई. यंत्र दोराला टांगलेल्या वजनाच्या ओढीने आपोआप फिरे, पण रायाजींचा विश्वास पाढ्यावर.

"साडेतीन, सात, साडेदहा…" ती म्हणत गेली आणि अठ्ठाविसाशी अडली.

"साडेएकतीस! नऊ वर्षं त्याच खडकावर आपटतेस."

"मग ठेवा एखादे पंतोजी, आबा."

"पंतोजींना कालवण जमेल का?"

ती हसली. इतके मोकळे बोलणे त्या दोघांत पुन्हा झाले नाही.

त्याच संध्याकाळी वेळशी संस्थानच्या राणी गजराबाईसाहेब सात वर्षांच्या दत्तक राजपुत्राला घेऊन मुंबईहून आगबोटीने परतायच्या होत्या. सोबत गादीच्या मंजुरीची सनद होती. ती सनद वेळशीच्या धक्क्याला लागली, की दिवंगत राजांचे चुलतभाऊ जयवंतराव यांची गादीची आशा कायमची संपणार होती.

दिवेलागणीला, रायाजींनी दिवा नुकताच पेटवला असता, जयवंतरावांचा जमादार हैबती चार शिपाई घेऊन दाराशी आला.

"रायाजी मयेकर, सरकारचा हुकूम आहे. आज दिवा निम्म्या गतीने फिरेल."

रायाजींना डाव कळला. दिव्याच्या गतीवरूनच कप्तान ठिकाण ओळखत, आणि निम्म्या गतीचा दिवा उत्तरेच्या पाचघरचा. तिथे पाणी खोल, तिथे आगबोट किनाऱ्यालगत चाले. वेळशीसमोर मात्र खडकांची रांग होती. विझलेला दिवा पाहून कप्तान बाहेरच थांबला असता. खोटा दिवा पाहून तो थेट खडकांत शिरला असता.

"आणि पाचघरचा दिवा?"

"तिथला रखवालदार दारू पिऊन निजलाय. आमच्याच पैशाने."

"जमादार, सरकार तर त्या आगबोटीत आहेत. मग हा हुकूम कुणाचा?"

रायाजींनी सागवानी दार लोटून आतून आडवा लाकडी आडणा घातला. "द्वारके, मी वर यंत्रापाशी जातो. काही झालं तरी आडणा काढू नकोस. बोटीवर सत्तर माणसं आहेत."

त्यांची पावले जिन्यावर विरली आणि द्वारका एकटी उरली. बाहेर नारळाच्या झावळ्या ओढल्याचा आवाज आला. मग चकमकीचा. दाराखालून धूर आत सरकू लागला, आणि त्या पोकळ मनोऱ्यात धूर वरच चढणार हे तिला कळत होते.

"द्वारकाबाई," जमादार अगदी मऊ आवाजात म्हणाला, "म्हातारा वर गुदमरून मरेल. दार उघडा. त्याच्या केसाला धक्का लावणार नाही, जगदंबेची आण."

वरून खोकला ऐकू आला. सत्तर माणसे तिने पाहिली नव्हती. तो खोकला मात्र ती जन्मापासून ओळखत होती. तिने आडणा काढला.

शिपाई तिला भिंतीशी ढकलून वर धावले. रायाजी पहार घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, आणि जमादाराने घेतलेली आण तलवारीच्या एका वारात संपली. त्याने यंत्राची गती अर्ध्यावर आणली, गतीची किल्ली समुद्रात भिरकावली आणि माणसांसह खाली उतरून होडी गाठली. वरचा माणूस मेला असे त्याने धरले होते. खालच्या बाईला त्याने माणसात मोजलेच नव्हते.

द्वारका रांगत वर पोचली. क्षितिजावर आगबोटीचा कंदील दिसत होता.

"वजनाचा दोर काप," रायाजी कुजबुजले. "यंत्र मरू दे. भिंग हातानं फिरव."

तिने कोयत्याने दोर तोडला. वजन धडधडत तळाशी गेले. तिने खांदा भिंगाच्या चौकटीला लावला. पितळ तापले होते.

"साडेतीन," रायाजी म्हणाले. "सात."

बाप मोजत होता, लेक फिरत होती. तिसऱ्या फेऱ्यात ते थांबले.

"दार जळलं ना गं? तू तरी काय करणार…"

ती काही बोलली नाही. त्या न बोलण्यालाच त्यांनी होकार मानले. चौथ्या फेऱ्याचा पाढा तिला एकटीला म्हणावा लागला. कंदील सरळ खडकांकडे येत होता. भीतीने तिची जीभ कोरडी पडली, पण साडेएकतीस ती एकदाही चुकली नाही. कितव्यातरी फेऱ्याला तो कंदील थबकला, हळूच वळला आणि दूर गेला. तरीही उजाडेपर्यंत ती फिरतच राहिली, कारण थांबल्यावर मागे वळून पाहावे लागणार होते.

आगबोट सुखरूप बंदरात आली. जयवंतराव परमुलखात पळाले, जमादार पकडला गेला. पेटलेले दार जळून कोळसा झाले होते, त्यामुळे कुणी काही विचारले नाही.

महिन्याने दरबार भरला. कारभाऱ्यांनी भर सभेत वाचले, "रायाजी मयेकर यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या कन्येने, अग्नीने दार भस्म होईतो, प्राणपणाने ते राखिले." राणीसाहेबांनी स्वतः उठून सोन्याच्या कड्याचे तबक पुढे केले. शेजारी छोटे राजे पाय हलवीत बसले होते.

द्वारकेने तबकाला हात लावला नाही.

"बाई, संकोच कसला?" राणीसाहेब म्हणाल्या. "मागा, अजून काय हवं?"

"दार जळलं ते नंतर," द्वारका म्हणाली. तिची नजर राणीसाहेबांवर नव्हती, कुणावरच नव्हती. "त्याआधी आडणा मी काढला. माझ्या हातानं. मी भ्याले होते, आबा."