उदय दिवसा झोपतो

सुभाषशेठनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, पगार विचारला, आडनाव दोनदा विचारलं आणि शेवटी ज्या प्रश्नावर आधीच्या सगळ्या खोल्या माझ्या हातून निसटल्या होत्या, त्या प्रश्नावर आले.

"साथ में कौन रहेगा? अकेली लडकी को मैं रूम नहीं देता."

"भाऊ," मी म्हणाले.

मला भाऊ नाही. आम्ही सगळ्या बहिणीच. पण एक्याण्णव साली मीरा रोडला लोक खोली रिकामी ठेवत, एकट्या मुलीला देत नसत. मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टायपिस्ट होते आणि रहायला एका बाईंच्या घरी खाटेपुरत्या जागेत. तिथे इतक्या जणी होत्या की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलावी लागे. ही खोली माझ्या पगारात बसत होती. ही गेली असती तर सरळ हिंगोली गाठावी लागणार होती, आणि तिथे भाओजींनी माझ्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलाकडे जीप होती. जीप सोडून दुसरं काही कुणी सांगत नव्हतं.

"भाई का नाम?"

"उदय."

"काम?"

"कंपनीत आहे. कायम रात्रपाळी. दिवसा झोपतो."

हे तोंडातून निघालं आणि मी स्वतःवरच खूश झाले. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला, रात्री बाहेर. तो कुणाला दिसायचा प्रश्नच येत नाही. अकरा महिन्यांचा करार झाला, आणि भाऊ झोपलाय म्हणून सही मीच केली.

खोली म्हणजे एक रूम आणि एक किचन. खिडकीतून मिठागरं दिसायची, मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांवर यायचे. पहिल्या दिवशी मी रूमच्या मधोमध आडवी झाले आणि हात-पाय पसरून उगाचच या कुशीवरून त्या कुशीवर झाले. इतकं सुख झालं की एकटीच हसत सुटले.

मग भावाच्या तयारीला लागले. स्टेशनबाहेरच्या जुन्या बाजारातून तपकिरी सँडल आणले, मोठ्या मापाचे, आणि दाराबाहेर ठेवले. एक चौकड्यांचा शर्ट आणला. तो दर रविवारी धुऊन दोरीवर घालायचे. सँडलवर धूळ बसू द्यायची नाही, जाता-येता फडकं मारायचं. आमच्या घरात देव नव्हते, भुतंही नव्हती. कुणी काही सांगायला लागलं की वडील, आमचे नाना, म्हणायचे, पुरावा दाखव. इथे मी नसलेल्या माणसाचे पुरावे तयार करत होते. नानांनी ऐकलं असतं तर माझा कानच पिरगाळला असता.

शेजारच्या दारात गर्ट्रूड आंटी रहायच्या. मूळच्या उत्तनच्या, सोसायटीच्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडे आधी पोहोचत. आमच्या आणि त्यांच्या किचनची भिंत एकच होती.

एकदा जिन्यात त्यांनी मला अडवलं. "बाय, तुजा भाऊ दुपारचा काय घोरतो गो! माजी भांडी हालतात."

मी हसू दाबत म्हणाले, "थकतो ना आंटी."

घरी येऊन पोट धरून हसले. एखाद्याने मनावर घेतलं की त्याला घोरणंही ऐकू येतं, हे मी कारखान्यात सगळ्यांना रंगवून सांगणार होते. मग आठवलं की हे कुणाला सांगायचंच नाही.

खरी पंचाईत पाण्याची होती. खोली स्वस्त होती ती त्यामुळेच. दुपारी टँकर आला की थोडा वेळ पाणी सुटायचं, आणि तेव्हा मी कारखान्यात. नळ उघडा ठेवून जावं तर ड्रम भरून पाणी जिन्यातून खाली उतरणार आणि त्याच जिन्याने सोसायटी भांडायला वर येणार. त्यामुळे रोज आंटींकडून एक हंडा आणायचा आणि त्यात सगळं भागवायचं.

एका संध्याकाळी दार उघडलं, किचनमध्ये गेले, तर ड्रम काठोकाठ भरलेला. नळ घट्ट बंद. ड्रमवर झाकण, आणि झाकणावर तांब्या पालथा.

मी तांब्या नेहमी उताणा ठेवते.

आंटींचे आभार मानायला गेले. त्या हातातली मासळी निवडत म्हणाल्या, "मी न्हाय गो. माज्याकडं चावी कुठं हाय? तुजा भाऊच भरत होता. मी हाक मारली तर हूं म्हनला."

त्या रात्री मी कडी दोनदा तपासली. पण खरं सांगायचं तर सकाळी केस धुतले. कितीतरी दिवसांनी मनासारखे धुतले, आणि धुताना गाणंही म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. ड्रम भरलेला, तांब्या पालथा. मी कुलूप बदललं. ड्रम भरतच राहिला. मी त्यावर विचार करायचं टाळायला शिकले, आणि ते मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. फक्त सँडल पुसताना उचलून बघायचं सोडून दिलं, कारण त्यांच्या टाचा झिजायला लागल्या होत्या.

अकरा महिने संपले तेव्हा सुभाषशेठ म्हणाले, "इस बार भाई को देखूंगा. लोग बोलते हैं तुम अकेली रहती हो. अकेली होगी तो रूम खाली."

मी घाबरले. जीप डोळ्यांसमोर उभी राहिली. कारखान्यात डिस्पॅचला प्रितम नावाचा मुलगा होता, भला आणि नाटकाची हौस असलेला. त्याला सगळी हकीकत सांगितली, पाण्याची सोडून. तो एका पायावर तयार झाला. रविवारी तो चौकड्यांचा शर्ट घालून, डोळे चोळून चोळून लाल करून हजर झाला.

"कसा दिसतोय?"

"रडून आल्यासारखा."

"रात्रपाळीला असेच दिसतात," तो म्हणाला. आम्ही दोघं खूप हसलो.

सुभाषशेठ आले. मी म्हणाले, "हा उदय." प्रितमने जांभई देत नमस्कार केला. काम छान जमलं होतं. तेवढ्यात उघड्या दारातून गर्ट्रूड आंटींनी डोकं आत घातलं.

"ह्यो कोन?"

"उदय," मी म्हणाले.

"आंटीला येडी समजते का गो? रोज बघते मी उदयला. तो उंच हाय. ह्यो न्हाय."

सुभाषशेठनी आधी प्रितमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा बदलला. आता संपलं, असं मला वाटलं. रडूच यायला लागलं.

"फिर उदय किधर है?" त्यांनी आंटींना विचारलं.

"अंदर. सोया है. आवाज मत करो."

किचनचं दार लोटलेलं होतं. ते मी लोटलं नव्हतं.

सुभाषशेठ उठले. दार ढकललं. उंबऱ्याशीच उभे राहिले.

आत कसला तरी संथ आवाज होता.

मी पाहिलं नाही. प्रितमने पाहिलं. त्याने शर्टाचं वरचं बटण उघडलं, मग परत लावलं.

सुभाषशेठनी दार हळूच ओढून घेतलं. वळले तेव्हा त्यांचं बोट ओठांवर होतं.

"सोने दो," ते कुजबुजले. "नाइट ड्यूटी में बहुत हाल होते हैं. साइन तुम ही करो, उसको क्यों उठाना."

प्रितमला पुढे मी अनेकदा विचारलं. तो म्हणायचा, मला पाठच दिसली. आणि विषय बदलायचा. नाटकाचं नाव मात्र त्याने परत काढलं नाही.

त्या खोलीत मी आणखी बरीच वर्षं राहिले, आणि सुखाने राहिले. कधी भीती वाटली तर मोठ्याने म्हणायचे, "उदय, मी निघते रे." उत्तर यायचं नाही, याचं मला बरं वाटायचं.

मग भाईंदर पश्चिमेला चांगल्या पगाराची नोकरी लागली. मोरव्याला एका मावशींच्या घरामागची खोली मिळाली. त्यांनी साथ में कौन असं विचारलंच नाही. "एकली हाय? बरं हाय," म्हणाल्या. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती एकटीची खोली मला पहिल्यांदाच खोटं न बोलता मिळाली होती. सामान हलवलं. शर्ट भंगारात दिला. सँडल जुन्या दाराशीच ठेवले. तेव्हा मात्र थोडं वाईट वाटलं.

आठवडाभरात गर्ट्रूड आंटी भेटायला आल्या. मी कामावरून परत येत होते, त्या बसमधून उतरताना दिसल्या. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. गप्पा मारत दोघी घरापर्यंत आलो. मी कुलूप उघडलं.

"पाणी कसं हाय इकडं?"

"तसंच. दुपारीच येतं. आज ड्रम रिकामाच ठेवून गेले होते. बसा, मावशींकडून तांब्याभर आणते."

"आणि उदय गो? बरा हाय ना?"

मी दाराकडे निघाले होते, तिथेच थांबले.

"बिचारा दारात बसून ऱ्हायचा. ताई कुठं गेली, ताई कुठं गेली. मला बघवेना." आंटींनी बोंबील ओट्यावर ठेवले. "मंग मी त्याला तुजा पत्ता दिला."

त्या हात धुवायला मोरीकडे वळल्या. "ड्रम तर भरलाय की," त्या म्हणाल्या, आणि झाकणावरचा पालथा तांब्या उचलला.