ओली हळद डॉट कॉमची किंमत

“देऊ नका.”

कराडच्या स्टँडवर आमची सातारा-सांगली बस टायर बदलायला थांबली होती. माघातली सकाळ. संगमाकडून धुकं असं सरकत येत होतं की समोरची एसटी नुसती दोन दिव्यांचीच दिसत होती. मी फोनवर हात ठेवून वळून पाहिलं. शेजारच्या सीटवर एक मुलगा — चष्म्यावर वाफ, मांडीवर लॅपटॉपची बॅग, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसल्याची जराशी लाज.

“काय देऊ नका?”

“ओली हळद डॉट कॉम. चाळीस हजारांना.” तो घाईघाईने म्हणाला, “म्हणजे... तुम्हीच मोठ्यानं बोलत होता.”

बोलत होते खरी. ते नाव अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं होतं. सांगलीत आमचा हळदीचा व्यापार. इंटरनेटवर नावं मिळतात, एकदा घेतलं की दुसऱ्याला मिळत नाही, असं वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी अण्णांना सांगितलं आणि त्यांनी हे घेऊन ठेवलं. वेबसाइट कधी झालीच नाही, पण दरवर्षीचे पैसे मात्र न चुकता भरले. आता चेहऱ्याला लावायची क्रीम बनवणारी मुंबईची एक कंपनी ते मागत होती. “विक, आन पैसं तुझं,” अण्णा मला म्हणाले होते. मला हळद दळायचं स्वतःचं युनिट टाकायचं होतं. त्या स्वप्नापुढे चाळीस हजार काहीच नव्हते, पण हातात तरी पडत होते.

मी फोनवर “नंतर कळवते” म्हणाले आणि त्याच्याकडे पूर्ण वळले. “मग किती घ्यायचे?”

“आधी किंमत काढायची. नाव लांब आहे का, एकदा ऐकून लिहिता येतं का, किती जुनं आहे, तसली नावं आधी कितीला गेली...” त्याने चष्मा पुसला. डोळे छान होते, उगाच खोटं कशाला बोलू. “तुमचं नाव इंग्रजीत आठ अक्षरांचं. आखूड आहे. चांगलं आहे.”

“माझं नाव ब्राह्मी. ते कितीचं?”

“सहा,” तो लगेच म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले.

त्याचं नाव निमिष. मूळचा वाईचा, आता साताऱ्यात एका खोलीत वेबसाइट बनवायचा आणि लोकांची अशी जुनी नावं विकून द्यायचा. सांगली येईपर्यंत ठरलं — किंमत तो काढून देणार.

*

पहिल्या शनिवारी तो आला तो त्याच्या आईने दिलेली लोणच्याची बरणी घेऊन. ओल्या हळदीचं लोणचं! जैनांच्या घरी! आमच्यात कंद चालत नाहीत, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. मी ओढणीत तोंड लपवून हसत होते आणि तो बरणी धरून पुतळ्यासारखा उभा.

“आवं पावणं, बसा की,” अण्णाच म्हणाले. “वाळलेली चालती आमाला, ओली न्हाई. खायाची न्हाई म्हनून तर नाव घिऊन ठिवलं, निदान नाव तरी आपलं आसू दे!”

पुढच्या शनिवारपासून तो कंदी पेढे आणू लागला. आणि दर शनिवारी काहीतरी तपासायचं राहिलेलंच असायचं. एकदा म्हणे हे नाव महिन्यात किती लोक शोधतात ते बघायचं होतं. एकदा कुणाचा ट्रेडमार्क आड येतो का ते. मी शेजारी बसून स्क्रीनकडे बघायची — म्हणजे स्क्रीनमधल्या त्याच्या पुसट चेहऱ्याकडे. तो एक आकडा लिहायचा, खोडायचा, म्हणायचा, “घाई नको.” उन्हं उतरू लागली की आई पानं मांडायची, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण. त्या सोनेरी उन्हात तो वरणात पोळी बुडवत बसायचा आणि मला वाटायचं, आजचा सूर्य जरा उशिराने मावळावा...

तिसऱ्या शनिवारी मी अण्णांसमोरच विचारलं, “पण साधारण किती येतील?”

“गप!” अण्णांनी मला दटावलं. “मालासमोर भाव बोलू न्हाई. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! ह्येला रुमाल शिकीव जरा.”

पूर्वी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. आता बोली उघड लागते, पण अण्णांची सवय काही सुटलेली नाही. मी निमिषचा हात पुढे घेतला, वर रुमाल टाकला. “जितकी बोटं धरली, तितका आकडा. हे दोन. हे तीन.” त्याची बोटं गार होती. “समोरच्याला पटलं तर तो हात धरून ठेवतो. न पटलं तर सोडून देतो. तोंडातून शब्द काढायचा नाही.”

“आणि... दोघांनाही पटलं तर?”

“तर सौदा झाला,” मी म्हणाले. आणि पटकन हात काढून घेतला. अण्णा पेढा खात खिडकीबाहेर बघत होते. फारच लक्षपूर्वक.

*

पाचव्या शनिवारी कंपनीचा मेसेज आला. “सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरं नाव घेतो.” युनिटसाठी ज्याचं मशीन मी बघून ठेवलं होतं, त्या मशीनवाल्यानेही सोमवारपर्यंतच थांबतो म्हटलं होतं. निमिष हात धुवायला गेला होता. लॅपटॉप उघडाच होता आणि स्क्रीनवर आमची फाइल. मी वाचली. किंमत : चार लाख. खाली तारीख.

ती तारीख कराडच्या त्या धुक्याच्या दिवसाची होती.

तो टॉवेल घेऊन दारात आला आणि माझं तोंड बघून तिथेच थांबला.

“किंमत त्याच दिवशी निघाली होती?”

“...हो. रात्री घरी जाऊन काढली.”

“आणि हे पाच शनिवार?”

“दिली असती तर तुम्ही थँक्यू म्हणाला असता,” तो हळूच म्हणाला, “आणि मग मी सांगलीला कशाला आलो असतो?”

आता लिहिताना हे वाक्य किती गोड वाटतं! तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांपुढे माझं युनिट होतं, आणि ते याच्या गोड वाक्यापायी हातचं चाललं होतं. “माझ्या कामाशी खेळलात तुम्ही,” मी म्हणाले. “पाच-वीसची बस मिळेल अजून.”

त्या दिवशी तो न जेवता गेला. आईने त्याचं पान उचललं, तेव्हा मला रडू आलं.

मग मीच कंपनीला चार लाख सांगितले. सोमवार गेला. मंगळवार गेला. मशीनवाल्याचा फोन मी घेतला नाही. बुधवारी तिकडून साडेतीन लाखांची बोली आली. मी हो कळवायला निघाले, पण अण्णा म्हणाले, “थांब. फायलीत काय लिवलंया?” मी म्हटलं, चार. “मग चार. पोरगं लबाड आसंल, पर त्येचा आकडा लबाड न्हाई.”

गुरुवारी चार लाख कबूल झाले. शुक्रवारी दुपारी पैसे जमा झाले आणि नाव त्यांच्याकडे गेलं. नशिबाने मशीन अजून होतं, ऑर्डर दिली. सगळं जिंकले होते मी. आणि शनिवारी सकाळी उठून, का कोण जाणे, मी दाराकडेच बघत बसले होते.

“त्येची फी ऱ्हायली न्हवं?” अण्णा पेपर वाचता वाचता म्हणाले. “त्येनं मागितली न्हाई, म्हनून आपुन बुडवायची व्हय?”

मी नऊच्या बसने साताऱ्याला निघाले.

*

फोन केल्यावर तो टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापाशी भेटला. खाली सातारा दुपारच्या उन्हात पेंगत होता, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर पांगारा लाल फुलला होता. निमिष वाळला होता जरा. की मलाच तसं वाटलं?

“चार लाखच आले,” मी म्हणाले.

“मला वाटलंच.” मग चष्मा पुसत, “मी चुकलो, ब्राह्मी. तुमचं काम अडवून बसायला नको होतं. सरळ विचारायला हवं होतं.”

“काय विचारायला?”

वारा माझी ओढणी त्याच्याकडे ढकलत होता, मी ती आवरली नाही.

“मी फी द्यायला आलेय,” मी म्हणाले. “किती?”

“मालासमोर भाव...” तो पुटपुटला आणि इतक्या दिवसांनी हसला. मी ओढणीचं टोक हातावर ओढलं आणि हात पुढे केला. ओढणीखाली त्याने आधी एक बोट धरलं. मग दुसरं... तिसरं... चौथं. आणि मग अंगठ्यासकट सगळा हात.

“पाच? पाच हजार?”

“पाच शनिवार,” तो म्हणाला. “खोटं बोलून घेतले ना... ते परत करायचेत. काही तपासायचं नाही, लॅपटॉप आणायचा नाही. फक्त तुला भेटायला यायचं, आणि तुझ्या अण्णांना सांगून यायचं. कारण मला तू आवडतेस.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा. मी डाव्या हाताने उचलला. उजवा मोकळा नव्हता.

“ठरली का गं फी?”

“ठरतीय, अण्णा.”

“घाई करू नगंस,” अण्णा म्हणाले. “आन त्येला म्हनावं, पुढच्या शनवारी ये. पर जेवूनच जायाचं.”

फोन बंद झाला. निमिष माझ्याकडे बघत होता, रुमाल शिकलेल्या माणसासारखा. त्याला शब्द नको होता. त्याला फक्त हात कळायला हवा होता.

मी हात सोडला नाही.