पाणीवाली छावणीत थांबते

बाटली काठोकाठ भरलेली नव्हती. वर बरोबर बोटभर जागा सोडली होती.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सात वर्षं नमुने घेणाऱ्या तिला ती जागा लगेच दिसली. लोक बाटल्या गच्च भरून आणतात, जणू जास्त पाणी दिलं की निकाल चांगला लागेल. पण जंतू मोजायचे तर आधी नमुना हलवावा लागतो, आणि हलवायला वर थोडी हवा हवी. दारावरच्या सूचनेत पाचव्या ओळीत तसं लिहिलेलंच होतं. पाचव्या ओळीपर्यंत कुणी पोचत नसे. हा पोचला होता.

तिनं मान वर केली. रेनकोटातून पाणी ठिबकत होतं, चष्म्यावर वाफ धरली होती आणि चष्म्यामागचा माणूस बहुधा अंदाजानंच तिच्याकडे बघत होता.

"कुठलं पाणी?"

"आमच्या गच्चीवरच्या टाकीचं. म्हणजे... पाणी हे निमित्त. मला एक विचारायचं होतं. समजा, जगातली सगळी माणसं संपली—"

"सगळी?"

"चार उरली. तर त्या चौघांना टाकीतलं पाणी किती दिवस पिता येईल?"

तिनं क्षणभर विचार केला. "टाकीला झाकण आहे?"

त्या झाकणापाशीच आपण संपलो, असं तो नंतर म्हणायचा. दुसरं कुणी असतं तर डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारलं असतं. तिनं मात्र सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायचा मऊ कागद त्याच्याकडे सरकवला आणि सांगितलं, की झाकण घट्ट असेल तर नुसतं पाणी आठवडाभर धकेल. त्यात घातलेलं औषध उडून गेलं की मग उकळल्याशिवाय घोटही घेऊ नये.

तो संगणकावरचे खेळ लिहायचा. हातात होता तो खेळ जग बुडाल्यानंतरचा होता. उजाड रस्ते, पडकी गावं आणि त्यातून चाललेला चौघांचा जथा. खेळणाऱ्यानं वाटेत भेटणाऱ्या सोबत्यांतून आपले चौघे निवडायचे, उरलेल्यांना छावणीत ठेवायचं. घाईचं काही नाही; आपला डाव आला की हवा तेवढा वेळ विचार करायचा, खेळ थांबून राहतो.

मग त्या टाकीचं पाणी वरचेवर बिघडू लागलं. आठवड्यातून दोनदा नासणारी टाकी आपण उभ्या नोकरीत पाहिली नाही, असं प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या. तो आला की त्या 'तुमचे प्रलयवाले आले' एवढं सांगून आतल्या खोलीत जात. तोही काही कमी नव्हता; तिला 'पाणीवाली' म्हणायचा.

ती त्याच्या चुका काढायची. कारखान्याखालच्या नदीचं पाणी त्याच्या जथ्यानं उकळून प्यायलं, तर ती म्हणाली, "उकळल्यानं जंतू मरतात. शिसं मरत नाही."

"माझी चारही माणसं गेली म्हणायची."

"लगेच नाही. आधी पोटात दुखेल."

"तुझ्याशी बोललं की फार धीर येतो," तो म्हणाला, आणि 'शिसं' हा शब्द त्यानं तळहातावर लिहून घेतला.

एकदा बाहेरच्या बाकावर चहा पिताना तिनं विचारलं, की सगळं उद्ध्वस्त झालेलं असताना लोकांना या खेळात गंमत कसली वाटते. तो बराच वेळ कप फिरवत राहिला. मग म्हणाला, जग आधीच मोडलेलं असतं, त्यामुळे ते मोडायची धास्ती नसते. माणसं मोजकी उरतात, म्हणून एकेकाची गरज असते. कुणी बंब दुरुस्त करतो, कुणी जखमा शिवतं. आपण कशाला आहोत, असा प्रश्नच तिथं कुणाला पडत नाही.

"आणि ज्याला मागं ठेवलं, तो परत येईपर्यंत तिथंच असतो," ती म्हणाली.

"हो. म्हातारा होत नाही. रुसत नाही." तो हसला, पण जरा उशिरा.

चाचणीसाठी खेळ घरी नेला तेव्हा त्याचा खरा नाद लागला तो छोटीला. छोटी तिची बहीण, चोवीस वर्षांची. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून शब्द आणि हात दोन्ही सावकाश चालायचे. आई गेल्यावर घरात या दोघीच होत्या. बाकीचे खेळ छोटीच्या हातून निसटून जात. तिचं बोट कळीपर्यंत पोचेस्तोवर सगळं संपलेलं असे. चार दिवसांनी ती गंभीरपणे म्हणाली, "ताई, हा खेळ माझ्यासाठी थांबतो."

तो घरी येऊ लागला तसा छोटीनं त्याला 'प्रलयदादा' केलं आणि पहिल्याच भेटीत झापलं, की खेळातल्या कुत्र्याला कुणी पाणीच देत नाही. पुढच्या आठवड्यात कुत्र्यापुढे वाडगा आला.

अशी दोन वर्षं गेली. त्याची आई दुसऱ्या शहरात एकटी होती, तिची नजर जात चालली होती आणि हाताला सवयीचं घर सोडून यायला ती तयार नव्हती. महिन्यातून एकदा तो जाऊन यायचा. परत येताना त्याला घ्यायला ती स्टेशनवर जायची. पहिल्यांदा त्यानं विचारलं ते तिथं फलाटावरच, बॅग खांद्यावर असतानाच, अडखळत: आपण सगळेच तिकडे गेलो तर? छोटीसुद्धा. आईला सांगितलंय मी... तुमच्या दोघींचं.

ती म्हणाली, "एवढे नमुने संपू देत, मग बोलू."

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याही.

नमुने काय, ते संपणारे नव्हतेच. आई गेली तेव्हा मावशीनं छोटीला हवापालट म्हणून आपल्या घरी नेलं होतं. तिथं चार महिने छोटी एक शब्द बोलली नाही. जेवायला भरवावं लागे, जिना पाहिला की ती उकिडवी बसे. परत आणली त्या दिवशी ती आपल्या खोलीच्या भिंतीला गाल लावून उभी राहिली आणि तासाभरानं म्हणाली, "आली." हे त्यालाही माहीत होतं. पण त्यातून काय निघतं, ते दोघांनीही उच्चारलं नव्हतं. हो म्हणणं तिच्या हातात नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तो गेला असता. म्हणून ती 'मग बोलू' म्हणायची... आणि तो थांबायचा.

त्या वर्षाच्या अखेरीस खेळात नवी सोबतीण आली. ती छावणीच्या कडेला बाटल्या मांडून बसायची आणि तिचं नाव होतं पाणीवाली. प्रयोगशाळेत दुपारच्या सुट्टीत तिनं ती तपासली आणि नेहमीच्या काटेकोरपणे तक्रारीचा कागद भरला: 'पाणीवालीला बरोबर चल म्हटलं की ती दर वेळी एकच उत्तर देते – एवढा नमुना संपू दे, मग येते. चौदा वेळा विचारलं, चौदाही वेळा हेच. दुरुस्ती आवश्यक.'

कागद पाठवूनही टाकला. मग हात धुताना तिला कळलं आपण काय लिहिलं ते. नळ कितीतरी वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खिडक्या लावायच्या वेळी तो आला. हातात बाटली नव्हती, घडी घातलेला कागद होता. मोठ्या मॅडमनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि या वेळी काही न बोलता त्या आत गेल्या.

"ती चूक नाही," तो म्हणाला. "ती येते. फक्त विचारल्यावर तिथून हलायचं नाही. शेजारी बसून राहायचं. चाळीस डाव काही न करता घालवले की तिचा नमुना संपतो, ती बाटल्या आवरते आणि उठते."

"चाळीस डाव कोण बसेल?"

"मलाही तेच वाटलं होतं." त्यानं कागद उलगडला. साठ जण खेळ तपासत होते, त्या प्रत्येकाची नोंद होती. "एकोणसाठ जणांनी तिला छावणीतच सोडलं. एकानं मात्र तिला पहिल्याच दिवशी उठवलं. तेव्हापासून एकदाही मागं ठेवलेलं नाही. बघ, डोंगरावर, बोगद्यात, सगळीकडे. बाकीचे तीन सोबती बदलतात, ही बदलत नाही."

तिनं नोंद पाहिली. वेळा सकाळी अकरा ते दुपारी चारच्या होत्या. ती कामावर असते तेव्हाच्या. मधल्या प्रत्येक डावाला दोन-दोन, तीन-तीन मिनिटं लागली होती. काहीच करायचं नव्हतं, त्या डावांनाही. सावकाश पुढं सरकणारं ते बोट तिला डोळ्यांपुढं दिसलं.

"छोटी," ती म्हणाली.

"हं."

तो स्टुलावर बसला. बोलला तेव्हा खाली फरशीकडे बघून बोलला. आई काल जिन्यावरून पडली. शेजारच्यांनी उचललं. हाड मोडलं नाही, पण आता तिला एकटं ठेवता येणार नाही. रविवारी तो जाणार, ते परत न येण्यासाठी.

"मी अजून बसलो असतो गं," तो म्हणाला. "चाळीस काय, चारशे डाव. पण आईपाशी तेवढे उरलेले नाहीत. म्हणून आज शेवटचं विचारतो. आणि आज मला 'मग बोलू' म्हणू नकोस. जे असेल ते सांग."

त्याच्या चष्म्यावर पुन्हा वाफ धरली होती. तिनं तो स्वतःच्या हातानं उतरवला, मऊ कागदानं आधी एक काच पुसली, मग दुसरी, आणि परत त्याच्या कानांवर नीट बसवला. त्याचे डोळे लाल झाले होते. तिचा हात त्याच्या कानापाशी जरा जास्तच रेंगाळला. मग तिनं तो काढून घेतला.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तू चुकीचं ऐकणार नाहीस. छोटीला या घरातून हलवता येत नाही, आणि तिला सोडून मला कुठं जाता येत नाही. हे मला तू फलाटावर विचारलंस त्याच दिवशी माहीत होतं. तू यायचा थांबशील म्हणून मी बोलले नाही." तिनं श्वास घेतला. "मी येणार नाही. तू जा... आणि माझी वाट बघू नकोस."