निकालाचा आठवडा

“पैसे घ्यायला नाही म्हणणारं ऑफिस मी पहिल्यांदाच बघतोय!”

टेबलापलीकडून तो फणकाऱ्याने म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उन्हातून आलेला, कुरळे केस घामाने कपाळाला चिकटलेले... आणि रागातसुद्धा हसरे दिसणारे डोळे. फारच गैरसोयीचे डोळे!

जून २०२४चा पहिला सोमवार होता तो. लोकसभेचं मतदान संपलेलं, एक्झिट पोल आलेले, निकाल दुसऱ्या दिवशी. बाजार सकाळपासून उधळला होता. वसईत पापडीला माझं एका खोलीचं ऑफिस, बाहेर पाटी – ‘एस्थर डाबरे, म्युच्युअल फंड वितरक’. उघडून जेमतेम वर्ष झालेलं. आणि हा आग्नेल, शाळेत विज्ञान शिकवणारा, आईच्या निवृत्तीचे अठरा लाख आजच्या आज शेअर बाजारात घालायला निघालेला! त्याची आई, विनी आंटी, पस्तीस वर्षं नर्स होत्या. तीनच दिवसांपूर्वी निवृत्त झालेल्या.

“उद्या बाजार अजून वर जाणार, मॅडम. सगळे तेच म्हणतायत.”

“सगळे म्हणतायत म्हणून तर तो आजच वर गेलाय. उद्या आकडे थोडे जरी वेगळे आले तर?”

“मग काय करू?”

“बरेचसे पैसे बँकेत ठेवा. रिझर्व्ह बँकेने दर चढे ठेवलेत, त्यामुळे ठेवींवर व्याज चांगलं मिळतंय. उरलेले फंडात घालू, पण दर महिन्याला थोडे थोडे. आंटींचा घरखर्च यातूनच चालायचाय ना?”

“तुमचं कमिशन बुडेल.”

“बुडू दे.”

तो उठला. “उद्या बाजार वर गेला की येतो... तुम्हाला चिडवायला!”

मंगळवारी मतमोजणी सुरू झाली. एक्झिट पोलवाल्यांनी सांगितलेलं तेवढं मोठं बहुमत काही दिसेना, आणि बाजार धडाधड कोसळायला लागला. माझा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. दुपारी विरारच्या चंदनसारहून माझे एक ग्राहक, चंद्रहास काका, थेट ऑफिसात येऊन थडकले.

“एस्थर, सगळं काढ! आत्ताच्या आत्ता!”

त्यांच्या मागे दारात आग्नेल उभा होता. मला वाटलं, आला चिडवायला. पण त्याने गुपचूप पाण्याचा ग्लास भरला आणि काकांच्या हातात दिला.

“काका, हे पैसे कशासाठी ठेवलेत तुम्ही?” मी विचारलं.

“नातीच्या कॉलेजसाठी.”

“नात कितवीत आहे?”

“दुसरीत...” काका खुर्चीत बसले.

“पैसे तुमचे आहेत. म्हणाल तर आत्ता फॉर्म भरते. पण नुसती भीती वाटतेय म्हणून काढत असाल, तर थोडे दिवस जाऊ द्या.”

काकांनी पाणी संपवलं. “शुक्रवारपर्यंत थांबतो. शुक्रवारपर्यंतच हं!”

ते गेले.

“तुम्ही मम्मीचे पैसे वाचवलेत,” आग्नेल हळूच म्हणाला.

“मला काही माहीत नव्हतं हो. बाजार आज वर गेला असता तर तुम्ही मला नावं ठेवत बसला असता.”

“म्हणजे तुक्का?”

“नाही. उद्याचं कळत नाही, एवढंच मला कळतं. म्हणून आंटींचं जेवण मी त्यावर लावलं नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला – जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, “सकाळपासून काही खाल्लंय?”

मी नकारार्थी मान हलवली. दहा मिनिटांत तो गरम ऑम्लेट-पाव घेऊन आला. आणि पाच वाजेपर्यंत थांबला! आलेल्याला खुर्ची दे, पाणी दे, “बसा, मॅडम बोलतील” म्हण. मी जा म्हटलं की म्हणायचा, “शाळेला सुट्टी आहे.”

बुधवारी तो पुन्हा हजर.

“मुलांनी विचारलं तर... रेपो रेट म्हणजे काय हो?”

“सुट्टीत मुलं विचारतात?”

“हुशार आहेत फार.”

मला हसू आवरेना. “रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते, तो दर. तो वाढला की कर्जं महागतात, कंपन्या हात आखडतात, लोक ठेवींकडे वळतात. कमी झाला की उलट.”

“आणि हे ‘तुम्ही-तुम्ही’ कधी कमी होणार?”

“ते... शुक्रवारच्या पतधोरणात बघू,” मी म्हणाले, आणि उगाच कागद चाळायला लागले.

शुक्रवारी दहा वाजता रिझर्व्ह बँकेचं पतधोरण ऐकायला माझ्या मोबाइलभोवती आम्ही चौघं – मी, आग्नेल, विनी आंटी आणि चंद्रहास काका. रेपो रेट साडेसहा टक्केच राहिला.

“काहीच केलं नाही की यांनी!” काका.

“काही न करणं हासुद्धा निर्णय असतो, काका.”

बाजार चढतच गेला. मंगळवारी गेलेलं सगळं दुपारपर्यंत भरून निघालं. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून, खुशीत विरारला गेले.

विनी आंटींनी पर्समधून चेकबुक काढलं. “सांग बाय, कुठे सही करू?”

मी आग्नेलकडे पाहिलं. या वर्षातला माझा सगळ्यात मोठा चेक होता तो. पण गेले दोन दिवस जे मनात घोळत होतं ते ओठांवर आलंच.

“आंटी, तुमचे पैसे मी नाही घेणार. वसई गावात ॲन्सेल्म अंकल आहेत, हे काम मी त्यांच्याकडेच शिकले. ते नीट बघतील.”

“पुन्हा नाही?” आग्नेल उडालाच. “आता माझं काय चुकलं?”

“काही नाही. पण उद्या तुझं-माझं भांडण झालं, तर आंटींना आपल्या पैशांची काळजी वाटायला नको.”

विज्ञानाच्या मास्तरांना कळायला बराच वेळ लागला. मग त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

“म्हणजे... आपण भांडणार आहोत?”

“खूप.”

“किती दिवस?”

“तू थांबशील तितके...”

विनी आंटींनी चेकबुक पर्समध्ये टाकलं आणि हसत उठल्या. “मी रिक्षाने जाते ॲन्सेल्मकडे. तुम्ही दोघं बसा भांडत!”